डावा कौल

ठमाबाई आली तेव्हा अंबाजीचं अर्धं अंग पंपाच्या खड्ड्यात होतं आणि बाहेर फक्त दोन पाय दिसत होते. वाडीतली दुसरी कुणी बाई असती तर तिनं त्या पायांनाच नमस्कार केला असता. ठमाबाईनं पायावर चापटी मारली.

"वर ये रं. देवाला येक गोष्ट इचारायची हाय."

अंबाजी हात पुसत वर आला. किहीमच्या बाजूला मुंबईकरांचे बंगले वाढले, तसे पंप वाढले आणि अंबाजीला जेवायलाही फुरसत उरली नाही. पण देवाच्या कामाला नाही म्हणायची सोय नव्हती. बागवाडीच्या मारुतीला कौल लावायचा मान गेली अठरा वर्षं त्याचाच होता. मारुतीच्या दोन्ही खांद्यांवर तगरीची एकेक ओली कळी चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. म्हशीच्या खरेदीपासून सरपंचाच्या फॉर्मपर्यंत सगळं या दोन कळ्यांवर चालायचं.

"माज्या सदाच्या लग्नाचं इचारायचं," ठमाबाई म्हणाली. "तळा गावची पोरगी हाय, प्राप्ती नावाची. माजा भाऊ दत्ता म्हनतो, आता न्हाय तर कवाच न्हाय. उद्या शनवार. लाव कौल."

अंबाजीच्या हातातला पाना खड्ड्यात पडला आणि पाण्यात बुडाला.

हा मान त्याला कसा मिळाला ते सांगायला हवं, कारण त्यात देवाचा काही दोष नाही. चोविसाव्या वर्षी बापानं त्याच्यासाठी पोरगी पाहिली, तेव्हा घाबरगुंडी उडून अंबाजीनं सांगितलं की मारुती स्वप्नात आला आणि लग्न करू नको म्हणाला. थाप एका वाक्याची होती. पण बापानं ती पाराला सांगितली, पारानं वाडीला, आणि आठवड्याभरात पंपवाल्या अंबाजीचा महाराज झाला. लग्नात त्याला पहिल्या पंगतीचं पान मिळू लागलं. पानावर मात्र वरणभातच, कारण ब्रह्मचाऱ्यानं मासळी खायची नसते. समुद्राकाठी जन्मून, बोंबलावर जीव असून, ही शिक्षा त्यानं स्वतःच्या तोंडानं ओढवून घेतली होती.

बोंबील तो खायचा रेवदंड्याला, सदाच्या रिक्षात, पडदे पाडून. अकरा वर्षांपूर्वी पाईप न्यायला म्हणून त्यानं सदाची रिक्षा ठरवली आणि मग दुसरी कधी ठरवलीच नाही. सदा त्याचा कोण, हे सांगायला वाडीच्या बोलीत धड शब्द नव्हता. होते ते सगळे शिव्यांत जमा होते. पलीकडच्या गावातल्या एका शिंप्याबद्दल दोन वर्षांपूर्वी तसली कुजबुज झाली होती, आणि महिन्याभरात त्याचं मशीन टेम्पोत चढलं. तेव्हा चहाच्या टपरीवर सगळे हसले, त्यांच्यात अंबाजीही हसला. त्या हसण्याची लाज त्याला अजून वाटत होती.

त्या संध्याकाळी रेवदंड्याला बोंबील आले, पण दोघांनाही ते गिळेनात. दत्तामामा रोज सकाळी दारात येऊन बसतो, असं सदानं सांगितलं. आईची नजर चुकवून सदा थकला होता.

"कौल उजवा पडला तर मी करनार," सदा म्हणाला. "आईपुढं अजून किती खोटं बोलू?"

"आनि त्या पोरीचं काय?"

"तेच तर. म्हनून देवावर सोडलंय."

"देवावर न्हाय, सदा. कळ्या मी लावतो."

 सदानं उरलेला बोंबील मांजराला टाकला आणि रिक्षा सुरू केली.

अंबाजीची खरी पंचाईत अशी की अठरा वर्षं दिवा लावून लावून त्याचा मारुतीवर खरोखरच विश्वास बसला होता. एक थाप मारून झाली होती, तीही त्याच्याच नावानं. आता दुसरी त्याच्या अंगावर चिकटवायची म्हणजे फारच झालं. तरीही शनिवारी सकाळी अंघोळ करून निघताना त्यानं बेअरिंगला लावायच्या ग्रीसचा बोटभर गोळा डबीत भरला. देवळातून परस्पर पंपाच्या कामाला जायचं म्हणून हत्यारांची पिशवी खांद्याला होतीच.

देवळात वीसेक माणसं जमली होती. सदा दाराशी उभा होता आणि पायातल्या वहाणा काढायचं विसरला होता. ठमाबाई खांबापाशी मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. पिशवीत हिरव्या खणात गुंडाळलेला नारळ आणि पसाभर तांदूळ होते. कौल उजवा पडला की तिथूनच तळ्याला जाऊन पोरीची ओटी भरायची, असं दत्तामामानं ठरवलं होतं. ओटी मामी भरणार होती. ठमाबाई विधवा, तिनं फक्त पिशवी सांभाळायची.

अंबाजीनं देवाकडे तोंड केलं, वाडीकडे पाठ केली, आणि उजवी कळी लवकर सुटू नये म्हणून तिच्या देठाला अंगठ्यानं ग्रीस लावलं. मनातल्या मनात माफी मागितली. उजवी चिकटवली, मग डावी चिकटवली आणि हात जोडले.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. एकही कळी हलेना.

मग त्याच्या ध्यानात आलं. डावी कळीही त्यानं त्याच अंगठ्यानं लावली होती. पंपवाल्याच्या हाताचं ग्रीस साबणानं जात नाही, ते देवळात आल्यानं काय जाणार?

दत्तामामाला धीर धरवेना. कौलाच्या वेळी बोलायचं नसतं, पण तो देवाला पोरीची माहिती देऊ लागला. पोरगी बी.ए. झालीय, उंची बरी आहे, बापाची भातशेती आहे, भाऊ न्हावा बंदरात कामाला आहे. देव ऐकून घेत होता. पंचवीस मिनिटं झाली तेव्हा मागे कुणीतरी म्हणालं, देवाला विचार करावासा वाटतोय म्हणजे स्थळ चांगलं असणार. उजवी कळी जराशी कलली. सदानं डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात ठमाबाई उठली. कंबर धरत धरत ती डावीकडच्या घंटेखाली गेली आणि तिनं घंटा अशी काही बडवली की देवळाच्या छपरावरची कबुतरं उडाली. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या ठोक्याला डावी कळी सुटली आणि मारुतीच्या पायाशी पडली.

"डावा," अंबाजी म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

दत्तामामानं कपाळावर हात मारला, पण देवापुढे त्याचं काय चालणार? मारुतीनं आधी भगताला लग्न करू दिलं नाही आणि आता भगताच्या दोस्तालाही नाही, या देवाला लग्नाचंच वावडं आहे, असं पुटपुटत तो तळ्याला फोन लावायला बाहेर गेला. त्याच्यामागून वाडी पांगली. सदा दारातून एकदा अंबाजीकडे बघून रिक्षाकडे गेला.

अंबाजी फडकं घेऊन गाभाऱ्यात वळला तेव्हा ठमाबाई पुन्हा खांबाशी बसलेली होती.

"उजवी अजून हाय तितंच," ती म्हणाली. "गिरीस नीट पूस. दत्ता सांजचा तेल घालाय येतो, त्याच्या बोटाला लागंल."



"काकी…"

"घंटा काय मी देवासाठी वाजवली?"

त्यानं खाली बसून विचारलं, कधीपासून. ती म्हणाली, अकरा वर्षं ती पोराचे शर्ट धुतेय.

"रिक्षावाल्याच्या शर्टाला पंपाचं गिरीस लागतंय, ते बी खांद्यावर. धुवून धुवून माजी बोटं झिजली."

 अंबाजीनं विचारलं, सगळं ठाऊक होतं तर कौल कशाला मागितला.

"मी न्हाय म्हनले तर दत्ता दुसरी आनंल. देव न्हाय म्हनला की कोन आनतो?"

"आनि मी उजवा दिला असता तर?"

"तर तू त्याला सोडलास असं समजले असते. मंग आनली असती सून." तिनं पदरानं नाक पुसलं. "नातू बघायचा व्हता रं मला. दुख न्हाय असं न्हाय."

देवळात कुणी नव्हतं. बाहेर दत्तामामा फोनवर तळ्याच्या माणसांची माफी मागत होता. ठमाबाईनं मांडीवरची पिशवी उघडली आणि हिरव्या खणातला नारळ बाहेर काढला.

"पिशवी पुढं कर तुजी."

अंबाजीनं हत्यारांची पिशवी दोन्ही हातांनी पुढे धरली. तिनं आधी नारळ आत ठेवला, पाने आणि वॉशर यांच्या मधोमध. मग तांदळाची ओंजळ भरली आणि पाच वेळा थोडी थोडी करून सोडली, रीतीप्रमाणे. विधवेनं ओटी भरायची नसते आणि पुरुषाची तर भरतच नाहीत. दोन्ही चुका तिनं एकदमच उरकून टाकल्या.

"आयतवारी दोघं जेवाय या," उठता उठता ती म्हणाली. "बोंबील करते. दार लावून घेऊ."

ती गेल्यावर अंबाजीनं मारुतीच्या खांद्यावरचं ग्रीस पुसलं आणि कामाला गेला. बंगल्यावरचा पंप उघडायला त्यानं पिशवीतून पाना काढला, तर पान्याला तांदळाचे चार दाणे चिकटलेले. ग्रीसमध्ये बसलेले ते दाणे त्यानं पुसले नाहीत. त्या दिवशी त्यानं सगळे नट हातानंच पिळले.