चौतीसशेचा धोंडा

रनाळ्याच्या अख्ख्या नववीत आपल्याइतका गेममधला स्कॅनर कुणाला वाचता येत नाही, असं दामिनी स्वतःच सांगत फिरायची. तोरा काय विचारता!

अंतराळातल्या खाणींचा तो गेम ती आणि तिची मैत्रीण भूमिका दामिनीच्या घरी, एकाच यानातून खेळायच्या. भूमिकेला सवड फक्त रविवारी. इतर दिवशी शाळा सुटली की ती मिरच्या वाळत घालतात त्या पथारीवर आईला निवडू लागायची.

गेममध्ये धोंडे दिसायला सगळे सारखेच काळे. ओळखायचे ते स्कॅनरवरच्या आकड्यावरून. लोखंडाचा सतराशे, आणि सगळे ज्याच्यामागे धावतात त्या नीलकाचा चौतीसशे. घोळ एकच. लोखंडाचे दोन धोंडे एकामागे एक आले, तरी आकडा चौतीसशेच!

एका रविवारी भूमिका ओरडली, "दामिने, थांब! चौतीसशे दखाडी ऱ्हायना!"

"दोन लोखंडना शेतस. चाल पुढे."

"मांगथून बी पाह ना एकदाव. मिरची उलटी करीसन पाह्यल्याबिगर आम्ही डागी फटकीमा टाकतस का?"

दामिनीला हसू फुटलं. "हाई अंतराळ शे, बाई. तुन्ही नजर मिरच्या निवडासलेच ठेव!"

भूमिका उठली. चप्पल घालून निघून गेली. दामिनीने यान पुढे हाकलं.

पुढच्या रविवारी भूमिका आलीच नाही. दामिनी एकटीच यान घेऊन त्या धोंड्यापाशी पोचली, तर कुणा परक्याचं यान धोंडा फोडत होतं. ती वळसा घालून मागे गेली. मागे दुसरा धोंडा नव्हताच. एकच होता, आणि त्यातून निळा चुरा उडत होता.

नीलक गेलं याचं तिला काहीच वाटलं नाही. कानात आपलंच हसणं तेवढं वाजत राहिलं.

सोमवारी शाळा सुटल्यावर ती पथारीवर गेली. मिरचीची खाट नाकात जाऊन डोकं भणभणलं. लाल ढिगापाशी भूमिका बसली होती. एकेक मिरची उचलायची, उलटी करायची. मागे पांढरा डाग दिसला की फटकीच्या ढिगात. दामिनी शेजारी बसली आणि तशीच निवडू लागली.

"तुन्हंच बरोबर व्हतं," ती शेवटी पुटपुटली. "एकच धोंडा व्हता."

भूमिकेचे हात थांबले नाहीत.

दामिनीचे डोळे भरून आले. पुसायला हात वर गेला.

"डोळासले हात लावू नको," भूमिका खाली बघतच म्हणाली. "मिरची झोंबी."

तेवढंच. रविवारी येशी का, हे विचारायला दामिनीची जीभ काही उचलली नाही. तिने पुढची मिरची घेतली आणि उलटी केली.