माझा आकडा खरा होता

मी क्षारमापक बोलतोय. माणसाच्या खिशात मावेन एवढाच आहे. पाण्यात क्षार किती, एवढंच मला सांगता येतं. पण सांगतो तोंडावर.

अमरावतीतल्या एका विद्यापीठात पाणी-संशोधनाची खोली आहे. खोली म्हणजे दोन टेबलं, एक कपाट आणि आकांक्षा. परदेशात शिकून ती मुद्दाम घरी परतली. "आपल्या खारपाणपट्ट्याचं पाणी आपणच तपासायचं," असं म्हणून तिनं मला आणलं.

गेल्या उन्हाळ्यात माझ्यावर बालंट आलं. दर्यापूरकडच्या एका गावात तिनं घरोघरी बाटल्या वाटल्या. "तुमच्या घरचं पाणी भरून ठेवा," असं सांगून आली. भरलेल्या बाटल्यांत मी एकेक करून बुडालो. चारशे. चारशे दहा. तीनशे नव्वद. म्हणजे चक्क गोडं पाणी!

विभागप्रमुख धर्मेंद्र सर हसले. "त्या गावच्या विहिरीला गायसुद्धा तोंड लावत नाही. यंत्र मोडीत काढा, मॅडम, आणि खोलीही बंद करा. यापुढं नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवू."

चूक सापडली नाही की यंत्र बिघडलं म्हणायचं, ही माणसांची जुनी खोड. मी बिघडलो नव्हतो!

"सर, एकदा विहिरीवर जाऊन येते," आकांक्षा अडून बसली.

"जा. गाडी मिळणार नाही. एसटीनं जा."

त्या गावात बाटली भरून देणाऱ्या माणिकबाईच्या अंगणातल्या विहिरीचं पाणी बादलीत आलं. मी बुडालो. चार हजार शंभर!

"काकू, मग बाटलीत काय भरलं होतं?"

"माठातलं. नळाले आठ दिवसांनी येते, ते."

"पण का?"

"काहून म्हंजे? पाव्हन्यानं पानी मांगतलं, न् त्याले खारं देऊ का वं? साऱ्या गल्लीनं माठातलंच देल्लं. आमाले इज्जत हाये का नाई?"

आकांक्षा ओसरीवर बसली. "चूक माझी, काकू. विहिरीचं द्या, असं सांगायला हवं होतं."

त्याच बाटल्या बाहेर गेल्या असत्या, तर तिथंही चारशेच निघाले असते, आणि शिक्क्यासकट गाव गोड ठरलं असतं. पाणी कुठंही तपासता येतं. पाणी देणारीचं मन ओसरीवर बसल्याशिवाय कळत नाही.

"मंग मलेच शिकव ना," माणिकबाई म्हणाली. आकांक्षानं मला तिथंच ठेवलं. दर सोमवारी माणिकबाई मला बुडवते आणि फोनवर आकडा सांगते.

खोली बंद करायचं पत्र मात्र निघालंच. आज धर्मेंद्र सर स्वतः मला न्यायला आले.

"बाई, खोली बंद झाली. यंत्र जमा करा."

"खोली तुमची व्हती, साहेब. विहीर आमची हाये, न् ते चालू हाये." तिनं सरांच्या देखत मला बादलीत सोडलं. चार हजार तीनशे. "लिवून घ्या."

सरांनी वाकून आकडा वाचला. मग त्यांनी खिशातून पेन काढलं. यंत्र जमा झाल्याच्या पावतीवर सही करायला की आकडा लिहायला, ते अजून त्यांचंच ठरायचंय.

माझं ठरलंय. मला मोडीत काढायचंय? खुशाल काढा. पण त्याचा अर्ज टेबलाशी बसून लिहू नका. इथं या, दोर ओढा, आणि माझा आकडा खोटा ठरवून दाखवा.