पाय उचलायचा नाही

"भाऊजी, नीट ऐका. आज कोणी मेलं तरी पाय उचलायचा नाही."

शववाहिकेच्या चालकाला असं सांगावं ते पानानेच. गाडी तिच्या गॅरेजच्या दारात उभी होती, बॉनेट उघडं होतं आणि चालकाच्या जागेवर तिचे भाऊजी परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसले होते. उजव्या पायातला बूट काढून त्यांनी शेजारच्या सीटवर ठेवला होता.

"बूट का काढला?"

"पायाला नीट कळावं म्हणून."

"मागच्या वेळी बुटामुळे नव्हतं बिघडलं. तुमच्या स्वभावामुळे बिघडलं."

भाऊजींनी मान डोलावली, कारण ते खरंच होतं.

भाऊजींना सगळे सावकाशराव म्हणतात. खरं नाव पगारपत्रकावर आहे आणि तिथून ते कधी बाहेर पडलेलं नाही. हा माणूस जिना उतरतो तो प्रत्येक पायरीची परवानगी घेतल्यासारखा. चहा निवेपर्यंत थांबतो आणि वर फुंकर मारून पितो. शववाहिका चालवायला याहून लायक माणूस शोधून सापडला नसता. इतक्या वर्षांत त्यांनी गाडी तिसऱ्या गिअरच्या पुढे नेली नव्हती. चौथा गिअर असतो हे त्यांनी ऐकलं होतं, एवढंच.

पाना ही त्यांच्या बायकोची धाकटी बहीण. रांगत्या वयात तिने खुळखुळा टाकून वडिलांचा पाना उचलला, तेव्हापासून हेच नाव चिकटलं. वडिलांच्या मागे गॅरेजही तिनेच सांभाळलं. हात काळे, जीभ तिखट आणि भाऊजींवर माया इतकी की त्यांना चार शब्द सुनावल्याशिवाय तिला जेवण गोड लागत नाही.

मागच्या वेळी झालं होतं ते असं. गाडीचं जुनं इंजिन पानाने पूर्ण उघडून नव्याने बांधलं आणि त्यात नवा कॅमशाफ्ट घातला. कॅमशाफ्ट म्हणजे एक लांब दांडा, त्याला जागोजागी नाकं. प्रत्येक नाक आपापल्या टॅपेटला वर ढकलतं, त्याने व्हॉल्व्ह उघडतात आणि इंजिन श्वास घेतं. नवं नाक आणि नवा टॅपेट पहिल्यांदा एकमेकांवर घासतात तेव्हा त्यांना तेल भरपूर लागतं. या जुन्या इंजिनांत ते तेल खालून फिरणारा क्रँक वर उडवतो. इंजिन जोरात फिरलं तरच ते उडतं. हळू फिरलं की नाकं कोरडी राहतात आणि झिजून सपाट होतात. म्हणून पहिली वीस मिनिटं पेडल दाबून रेस चढलेली ठेवायची, जराशी वरखाली करायची, पण इंजिनाला मंद होऊ द्यायचं नाही.

पानाने हे समजावून सांगितलं होतं आणि भाऊजींनी मानही डोलावली होती. पण इंजिन सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि समोरच्या घरातले निवृत्त मास्तर गॅलरीत येऊन हात जोडून उभे राहिले. भाऊजींचा पाय आपोआप वर आला. कोणी हात जोडून समोर उभं राहिलं की आवाज कमी करायचा, हे त्या पायाला वर्षानुवर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं. पाना आत फडकं आणायला गेली होती. ती धावत बाहेर येईपर्यंत इंजिन मंद, गोड गुणगुणत होतं आणि भाऊजी खिडकीतून मास्तरांच्या गुडघेदुखीची चौकशी करत होते.

आठवड्याच्या आत टकटक सुरू झाली. पानाने तेल काढलं तर त्यात चांदीसारखी भुकटी चमकत होती. ती तिने भाऊजींच्या नाकाखाली धरली.

"बघा. मास्तरांचा गुडघा."

ज्या संस्थेची गाडी होती, तिच्या सेक्रेटरींनी आता स्पष्ट सांगितलं होतं: एकदा शेवटचं दुरुस्त करा, पुन्हा बिघडली तर भंगारात. नवी गाडी येईलच. नवी गाडी सावकाशरावांनी पाहून ठेवली होती. चकचकीत होती, पण मागचा भाग म्हणजे बंद डबा. घरच्यांनी मागून रिक्षाने यायचं. या जुन्या गाडीत मागे, स्ट्रेचरच्या बाजूला, सासऱ्यांनी स्वतः वेल्डिंग करून एक बाक बसवला होता. त्या बाकावर बसून जिवंत माणसं काय काय करतात ते सावकाशरावांनी आरशातून पाहिलं होतं. कोणी हात धरून बसतं. कोणी भांडतं. एका आजोबांनी तर आजींना अर्धवट राहिलेलं शब्दकोडं विचारलं होतं, रस्ताभर. हा बाक जाऊ नये, एवढंच सावकाशरावांचं म्हणणं होतं. पण ते संस्थेत जाऊन मोठ्याने सांगणं त्यांना जमलं नव्हतं.

या वेळी पानाने कसलीच कसर ठेवली नव्हती. कॅमच्या एकेका नाकाला काळी पेस्ट चोपडली. नवे टॅपेट बोटाने फिरवून बघितले, एकही अडत नाही ना याची खात्री केली. ड्रिल लावून ऑइल पंप फिरवला आणि तेल वरपर्यंत चढलेलं डोळ्यांनी पाहिलं. पहिल्या झटक्यात इंजिन लागलं पाहिजे, कारण नुसता स्टार्टर मारत बसलं की ती पेस्ट पुसली जाते. म्हणून ठिणगी, पेट्रोल सगळं तपासलं. मग घरोघर जाऊन सांगून आली की आज आवाज होणार. मास्तरांना तर कापूस नेऊन दिला आणि त्यांनी तो कानात घातल्यावरच ती जिना उतरली.

"रेस धरायला दुसरं कोणी बसवू का?" तिने शेवटचं विचारलं. "मला इथे बॉनेटपाशी थांबावं लागेल."

"मी बिघडवली, मीच बसणार," सावकाशराव म्हणाले. इतकं ठाम ते लग्नातही बोलले नव्हते.

इंजिन पहिल्याच झटक्याला लागलं. पत्र्यावरची कबुतरं उडाली, भिंतीवरचे पाने खणखणले. फेऱ्यांचा काटा दोन हजारांवर गेला आणि सावकाशरावांची नजर त्याच्यावर खिळली. मोज्यातला अंगठा पांढरा पडला असेल इतका त्यांनी पाय रोवला होता. पाना वाकून गळती बघत होती आणि अधूनमधून बोट वर-खाली करत होती. त्याप्रमाणे आवाज चढत होता, उतरत होता, पण मंद होत नव्हता. एकदा तिने चक्क हसून मान हलवली. सावकाशरावांची छाती फुगली.

आणि तेवढ्यात तो माणूस आला.

तिशी-पस्तिशीचा असेल. शर्ट उलटा घातलेला आणि पायांत दोन वेगवेगळ्या चपला. सावकाशरावांनी चपला पाहिल्या आणि ओळखलं. ज्यांच्या घरी नुकतं काही झालेलं असतं, ती माणसं अशीच येतात. संस्थेत विचारून तो गॅरेजपर्यंत आला असणार. तो खिडकीपाशी थांबला, त्याचे ओठ हलले, आणि सावकाशरावांचा पाय वर यायला लागला. काटा घसरला.

"पाय!" पाना किंचाळली.

पाय खाली गेला. इंजिन पुन्हा गरजलं. सावकाशरावांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. अशा माणसावर ते ओरडले.

"ऐकू येत नाही! मोठ्याने बोला!"

"वडील!"

"काय?"

"वडील गेले!"

समोरच्या गॅलऱ्यांपर्यंत ऐकू गेलं. त्या माणसाने हे शब्द पहिल्यांदाच उच्चारले असावेत, कारण बोलून झाल्यावर तो स्वतःच दचकला. मग त्याला थांबता येईना.

"आज सकाळी! चहात साखर कमी आहे म्हणाले! आणि गेले! मी आतून साखर घेऊन आलो तर गेलेले!"

तो रडायला लागला. तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखा. घरी सगळ्यांना सावरण्यात त्याला ते जमलं नसावं. इथे त्याचा हुंदका इंजिनापुढे कोणालाच ऐकू येत नव्हता. सावकाशरावांनी एक हात बाहेर काढून त्याचं मनगट घट्ट धरलं. पाय जिथे होता तिथेच ठेवला.

"गाडी मिळेल का?" तो ओरडला. "दुसरीकडची आहे, पण तिच्यात शेजारी बसता येत नाही! आई म्हणते, मी त्यांच्या शेजारीच बसणार!"

"मिळेल! थोडा वेळ थांबा! मला पाय उचलता येत नाही! माफ करा!"

"नका उचलू! बाबांना हळू काही आवडायचंच नाही! सारखे आमच्या मागे, आटपा, आटपा!"

"माझी बायकोही तशीच!" सावकाशराव ओरडले.

हे ते का बोलले, त्यांचं त्यांना कळलं नाही. पण एकदा तोंड उघडल्यावर आवाज खाली आणायची सोयच नव्हती.

"सारखी म्हणायची, भरभर चला हो! बाजारात माझ्यापुढे दहा पावलं! आणि मी तिला याच गाडीतून नेलं, किती हळू! सगळ्यांना नेतो तसंच! तिला एकदा तरी जोरात न्यायला हवं होतं!"

बॉनेटपाशी पानाचा हात थांबला. त्या दिवशी बाकावर तीच बसली होती, ताईच्या शेजारी. त्यानंतर दोघं रोज भेटत होते, भांडत होते, पण त्या दिवसाबद्दल एक अक्षर कोणी काढलं नव्हतं. आता ते सगळ्या रस्त्याने ऐकलं. तिने बाहीने डोळे पुसले, त्याने गालावर काळा पट्टा उमटला, आणि बोट वर केलं. रेस वाढवा.

वीस मिनिटं झाल्यावर तिने हाताने खूण केली. सावकाशरावांनी किल्ली फिरवली.

एकदम शांत झालं. सावकाशरावांना लाज वाटत होती आणि हलकंही वाटत होतं. शेवटी वरून मास्तरांनी एका कानातला कापूस काढला.

"झालं का रे सगळं?"

"झालं, मास्तर," पाना म्हणाली. "आता तुमचा गुडघा बघायचा."

तिने गरम तेल पांढऱ्या फडक्यातून गाळलं. फडकं काळं झालं. तिने ते उन्हात धरलं, उलटसुलट केलं, डोळ्याजवळ नेलं. कुठेच चमक नव्हती. मग वरचं झाकण काढून इंजिन हाताने फिरवलं. सगळे व्हॉल्व्ह सारखे उघडत होते, एकही आळशी नव्हता. सावकाशरावांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी शांतपणे बूट घातला आणि नाडी दोनदा बांधली.

"नवं तेल भरते आणि निघू," पाना म्हणाली. "मी येते बरोबर. आणि भाऊजी, नव्या कॅमला रांगायला लावू नका."

ते घर जवळच होतं. बाकावर त्या माणसाची आई बसली. लहानखुरी, ताठ बाई. गाडी निघाली तशी ती नवऱ्याशी बोलायला लागली.

"साखर घातली होती मी. खाली बसली होती. ढवळायला नको का? जन्मभर मीच ढवळायचं?"

थोड्या वेळाने ती पुढे वाकली. "अहो, जरा जोरात घ्या. यांना मागे राहिलेलं खपत नाही."

सावकाशरावांनी पानाकडे पाहिलं. पानाने समोर पाहिलं. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये गेली आणि त्यांनी भाजीची एक हातगाडी आणि दोन सायकली मागे टाकल्या. आरशात म्हातारीने नवऱ्याच्या कपाळावरचे केस सारखे केले आणि समाधानाने मागे टेकली.

परत येताना गाडी रिकामी होती. पाना मागे जाऊन बाकावर बसली. मागून आवाज कसा येतो ते बघायचंय म्हणाली. गावाबाहेरचा रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना शेतं. टकटक अजिबात नव्हती. सावकाशराव आपल्या नेहमीच्या चालीने चालले होते.

"भाऊजी."

"हं?"

"त्या दिवशी मी इथे बसून ताईला सांगत होते. म्हटलं, रागावू नकोस, तुझ्या नवऱ्याला येतच नाही जोरात."

"मग?"

"मग काय. मला तर वाटतं, रागावलीच असणार."

सावकाशराव हसले. मग गाडी तिसऱ्यात घेऊन त्यांनी विचारलं, "पाना, तो चौथा कुठे असतो?"

"तिसऱ्यातून सरळ मागे ओढा. घाबरू नका, तुटत नाही."

त्यांनी ओढला. कुठे काही करकरलं नाही. खिडक्यांचे पडदे फडफडायला लागले. त्यांनी आरशात पाहिलं. पानाने एका हाताने खिडकीचा दांडा धरला होता आणि दुसरा हात समोरच्या रिकाम्या स्ट्रेचरवर ठेवला होता, वेगात कोणी घसरू नये म्हणून ठेवावा तसा.

सावकाशरावांनी नजर रस्त्यावर आणली आणि पाय आणखी थोडा दाबला.