नापास सिस्टरचा डोस

सकाळी पावणेअकराला अतिदक्षता विभागात ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांची नाडी एकशे अठ्ठेचाळीसवर गेली. पित्ताशयातला संसर्ग रक्तात भिनला होता. कोसळलेला रक्तदाब सावरायचं औषध कालपासून चालूच होतं. आता हृदयाची धाव आवरली नाही तर ते थकून बसेल, असं डॉक्टरांनी मास्तरांच्या बायकोला सांगितलं. फार आवरली तर रक्तदाब पुन्हा ढासळेल, हेही सांगितलं.

नाडी मंद करणारं औषध सुरू झालं. पण सिस्टर पंपाचं बटण दाबायला पुढे झाली की नाडी उतरायची सोडून चढायची, आणि चादरीखाली मास्तरांचा पाय खच्चून दाबला जायचा.

"ब्रेक मारतायत," बायको म्हणाली. मग तिनं सिस्टरला निरखून पाहिलं. "अगं, यांच्याकडे शिकताना दुधाच्या गाडीवर आदळलेली तूच ना?"

"काकू, ती गाडी मधेच उभी होती."

"उभीच होती ना?"

"पुढच्या महिन्यात चौथ्यांदा लायसन्सची परीक्षा देतेय मी."

नाडी एकशे चोपन्न झाली.

डॉक्टरांनी सिस्टरला बाहेर पाठवलं. नाडी नव्वदवर आली. बायकोच्या जिवात जीव येतो न येतो तोच रक्तदाबही खाली घसरू लागला.

"बोलवा त्यांना," डॉक्टर म्हणाले.

सिस्टर आली, दोन्ही आकडे चढले. डॉक्टर शिस्तीचे होते. त्यांनी तिला बेसिनपाशी, पडद्यापाशी, मग दाराशी उभं करून पाहिलं. दाराशी नाडी एकशे बारा, रक्तदाब ठीक.

"इथंच थांबा."

"सर, माझे बाकीचे पेशंट?"

"ते दुसरं कुणी बघेल. तुम्ही सध्या औषध आहात."

"पाठ फिरवून उभी केली तर?" बायकोनं विचारलं. करून पाहिलं. एकशे सहा.

दोन वाजता सिस्टरची ड्यूटी संपली. ती साधे कपडे घालून, पर्स खांद्याला लावून निघाली तसा रक्तदाब डगमगला. बायकोनं तिचा हात धरला.

"थांब गं बाई. माझ्यासाठी नको, त्यांच्यासाठी थांब."

"काकू, पाच वाजता माझा क्लास आहे. दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये."

"हळू बोल."

नाडी एकशे एकवीस.

सिस्टर दाराशी परत उभी राहिली. ती गेल्यावर संध्याकाळचा डोस कसा द्यायचा, हे डॉक्टरांचं ठरलं नव्हतं. पावणेपाचला नाडी एकशे नऊ होती, रक्तदाब टिकून होता, आणि खाली फाटकापाशी दुसऱ्या स्कूलची गाडी तिला न्यायला येऊन हॉर्न वाजवत होती.