मोडलं खुब्यात, बांधलं गुडघ्याला

मच्छिंद्रानं मला ढकललं तवा मी गोठ्यात होते. ढकललं म्हंजी चुकून धक्का लागला असं न्हाई. दोन्ही दंड धरले आन् वैरणीची पेंढी फेकावी तशी भिरकावली. पोटचा पोरगा माझा! सत्तरी उलटलेली बाई मी, अंगात जीव तो किती? गव्हाणीच्या दगडी काठावर डावी बाजू आपटली. आत कायतरी कटकन मोडलं, ते मला ऐकू आलं.

झालं काय, तर धारा काढायला सुनंला उशीर झाला आन् डेअरीची गाडी निघून गेली. एवढ्यासाठी त्यानं अनुपमाचे केस धरले, तिला खुंट्यापाशी ओढली आन् गाईच्या दाव्यानं हाणायला लागला. दोन फटके पाठीवर, एक तोंडावर. ओठ फुटला पोरीचा. मी मधी शिरले. "मुडद्या, बायकूवर कसली मर्दुमकी दाखवतोस?" म्हणले. त्यावर ही भिरकावणी.

आता गंमत बघा. आपटले कमरंखाली, पण दुखायला लागलं गुडघ्यात. असं दुखलं की डोळ्यापुढं अंधारी. उठायला गेले, तर डावा पाय माझा ऐकंना.

अनुपमा तोंडाचं रगत पुसत म्हणाली, "अहो, दौंडला न्या त्यांना. हाड मोडलंय."

"दवाखान्यात नेलं की डॉक्टर आधी पोलिसाला कळवतोय," मच्छिंद्र वरडला. "सोसायटीची निवडणूक तोंडावर आली, आन् तुला केस पायजे व्हय? गप बस, न्हाईतर तुझंबी तंगडं मोडीन."

त्यानं हाडं बसवणाऱ्या म्हस्कूआबाला आणलं. मांडवगणात बैलाचा पाय असू दे न्हाईतर पैलवानाचा खांदा, आधी म्हस्कूआबा. माणूस वाईट न्हाई. त्यानं इचारलं, "वहिनी, कुठं दुखतंय?" मी गुडघ्यावर हात ठिवला. झालं! त्यानं गुडघा चाचपला आन् म्हणाला, "वाटी सरकलीया." माझा पाय आखूड झाला होता, पाऊल बाहेरच्या अंगाला कलंडलं होतं, पण तिकडं कोण बघतंय?

"मच्छिंद्रा, काखेत हात घालून धर आईला. हालू देऊ नको."

ज्यानं मोडलं त्यालाच धरायला लावलं! म्हस्कूआबानं घोटा धरला आन् सगळा जोर लावून वढला. मी अशी किंचाळले की गाय बिचकून उभी राहिली. आत हाडावर हाड घासत होतं. पुन्यांदा वढला. मी मच्छिंद्राच्या मनगटाला चावले, रगत काढलं, तरी सोडलं न्हाई मेल्यानं. मग अंड्याचा लेप लावला, बांबूच्या कामट्या ठिवल्या आन् गुडघा असा आवळला की बोटं काळीनिळी पडली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाया बघायला आल्या. "न्हाणीत घसरला व्हय?" त्यांनीच इचारलं. आमच्याकडं म्हातारी पडली की न्हाणीतच पडती. कुणी ढकलू दे, मारू दे, न्हाणी हायेच नाव घ्यायला. मीबी म्हणले, "व्हय बाई, न्हाणीतच." पोटचा गोळा हाय, त्याची अब्रू चव्हाट्यावर कशी मांडायची? अनुपमा तिथंच चहाचे कप घिऊन उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आन् खाली मान घातली.

दुपारी मच्छिंद्र प्रचाराला बाहेर पडला. तवर मला ताप भरला होता. अनुपमानं घरात कुणाला न इचारता फोन लावला आन् ॲम्ब्युलन्स बोलावली. बाई गं, काय सांगू ती वाट! उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याची चाळण केलेली, दर खड्ड्याला माझा जीव जात होता. पोरीनं माझा पाय दोन उशांमधी धरून ठिवला होता दौंडपतोर. "आत्या, आलंच आता, आलंच," म्हणत होती आन् सोताच रडत होती.

दौंडच्या डॉक्टरीणबाईंनाबी मी न्हाणीच सांगितली. त्यांनी पाय नुसता बघितला आन् कपाळाला हात लावला. कामट्या कापून काढल्या, फोटो काढला, मला दाखवला. "आजी, मांडीच्या हाडाचा हा गोळा खुब्याच्या वाटीत बसतो. त्या गोळ्याखालची मान मोडलीये. खुबा मोडला की कळ कधीकधी गुडघ्यात येते. दुखलं गुडघ्यात, पण मोडलंय इथं. ऑपरेशन करावं लागेल." मग माझे दंड बघितले. बोटांचे वळ उठले होते. अनुपमाचा ओठ बघितला. "हे न्हाणीत पडून होत नाही, आजी."

मी पदर वढून दंड झाकले.

पोलीस आला, त्याच्या मागोमाग मच्छिंद्रबी आला. कडक कपडे, कपाळाला टिळा. पोलिसानं इचारायच्या आत हात जोडले.

"सायेब, आता काय लपवायचं? हिनंच ढकललं आईला. सासू-सुनंचं रोजचंच हाय आमच्यात. आईनं झटापटीत हिच्या तोंडात मारली, आन् हिनं दिली ढकलून."

सांगते तुम्हाला, वॉर्डातल्या समद्या माना डोलल्या. सून म्हणल्यावर कुणाला पुरावा लागतोय? बाजूच्या खाटंवरली बाई तर "मेली सटवी" म्हणून मोकळी झाली. पोलिसानं अनुपमाकडं बघितलं. "चला बाई, बाहेर या." ती भिंतीला टेकून उभी.

मच्छिंद्र माझ्यावर वाकला. माझा हात हातात घेतला आन् करकचून दाबला. "सांग की आई. हिनंच ना?"

माझ्या डोक्यात जाळ झाला. खोटं मी तुझ्यासाठी बोलले रं, आन् त्या खोट्यावर तू हिला जाळायला निघालास? दुसऱ्या हातानं त्याची गच्ची धरली आन् खाली वढली. खुब्यातून अशी कळ गेली की दात वाजले. तरी सोडली न्हाई. दाबलेला हात सोडवला आन् तोंडावर हाणली, पुन्यांदा हाणली. टिळा फिसकटला. डॉक्टरीणबाई "आजी, हलू नका" वरडत धावल्या.

"ह्यानं!" मी म्हणले. "ह्यानं भिरकावली मला. गव्हाणीवर. हिला सोडवायला मी मधी पडले, आन् मला वाचवलं ते हिनंच."

मच्छिंद्र गाल धरून उभा. पोलीस जवळ आला, आवाज खाली आणून म्हणाला, "आजी, पोटचा पोरगा आहे. घाई करू नका, नीट विचार करून सांगा."

"पोटचा हाय म्हणून तर मीच सांगायला पायजे," मी म्हणले. "दुसरं कोण सांगंल? लिवा."