डावा खिसा, उजवा खिसा

लॅब टेक्निशियनच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या त्या मुलीला वर्गात सगळे शहाणी म्हणत. नाव थट्टेतलं, पण तिला स्वतःला ते मनापासून पटलं होतं. कालच कॉलेजात स्वभाव आणि आत्मसंयमाची एक प्रश्नावली भरून घेतली होती. ‘ठरवलं तर मी फोन बाजूला ठेवू शकते’ या वाक्यापुढे तिने ‘नेहमी’वर खूण केली, तीही व्हिडिओ बघता बघता.

आज हॉस्पिटलात तिची प्रॅक्टिकलची पाळी होती. चार नंबरच्या आजींचं आणि शेजारच्या पाच नंबरच्या बाईंचं रक्त घ्यायचं होतं. नियम साधा: रक्त घेतलं की तिथेच, खाटेपाशी, पेशंटला नाव विचारून ट्यूबवर लेबल लावायचं. शहाणीने मात्र आपली वेगळीच युक्ती काढली होती. पहिली ट्यूब एप्रनच्या उजव्या खिशात, दुसरी डाव्यात, आणि लेबलं मग टेबलावर एकदम. दोन महिने हे बिनबोभाट चाललं होतं.

बाईंची ट्यूब डाव्या खिशात गेली आणि उजव्या खिशातला फोन थरथरला.

“घे गं पोरी, घरचा असेल,” आजी म्हणाल्या.

घरचा कसला! मैत्रिणीने व्हिडिओ पाठवला होता. फोन नीट निघेना, म्हणून तिने आजींची ट्यूब बाहेर काढली. मग एक व्हिडिओ झाला, त्याच्या पाठोपाठ चार झाले. टेबलापाशी येऊन तिने उजव्या खिशात हात घातला, तर खिसा रिकामा. दोन्ही ट्यूब डाव्या खिशात होत्या. हुबेहूब सारख्या.

पुन्हा रक्त घ्यायचं तर कबूल करावं लागणार, आणि शहाणीची अब्रू चव्हाट्यावर येणार. यातली जरा जास्त भरलेली आजींची असावी, असं तिने स्वतःलाच पटवलं आणि लेबलं लावून टाकली.

“बरं झालं लवकर आणलंस,” लॅबच्या मॅडम म्हणाल्या. “चार नंबरला आजच रक्त चढवायचंय.”

चुकीच्या गटाचं रक्त गेलं तर माणूस दगावतो, हे तिला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. सांगायचंच, आत्ता सांगायचं, असं ठरवत ती जिन्यात जाऊन बसली. पण सांगण्याआधी किती रक्त गेल्यावर धोका असतो, एवढंच बघावं म्हणून तिने फोन उघडला.

मान वर केली तेव्हा एक तास उलटून गेला होता. स्क्रीनवर कुणीतरी मांजराला टोपी घालत होतं.

ती धावत सुटली. लॅबमधून रक्ताची पिशवी गेलेली होती. वॉर्डात सिस्टरने ती खाटेशी टांगून नळी जोडली होती आणि त्यांचं बोट नळीच्या चापावर होतं.

“थांबा! सिस्टर, नका सोडू!”

“काय झालं?”

“लेबलं मी अंदाजाने लावलीत.”

एवढं बोलायला तिला अख्खा जन्म लागल्यासारखं वाटलं. सिस्टरने पिशवी काढून घेतली. मॅडम आल्या, सगळं ऐकून त्यांनी हात पुढे केला, आणि शहाणीने आपला फोन त्यांच्या हातावर ठेवला. मग त्यांच्या देखत, नाव विचारून, तिने दोघींचं रक्त पुन्हा घेतलं. आजींना तर तिने तीनदा नाव विचारलं.

“किती घाबरलीस गं,” आजी म्हणाल्या. “मघाशी फोन आला होता ना? घरी सगळं ठीक आहे ना?”

तिला रडू फुटलं.

तपासणी होईपर्यंत ती लॅबच्या दाराशी उभी होती. शेवटी मॅडम बाहेर आल्या.

“अदलाबदल झाली होती,” त्या म्हणाल्या. “ती पिशवी चढली असती तर आजी गेल्या असत्या.”

शहाणी ऐकत होती, अगदी जिवाचा कान करून. मॅडम बोलता बोलता थांबल्या आणि खाली बघू लागल्या. तिनेही खाली पाहिलं. तिचा उजवा हात रिकाम्या खिशात चाचपडत होता. तो तिथे कधी गेला, ते तिला आठवत नव्हतं.