इतिवृत्तातलं एक वाक्य

नगरसभेच्या सभागृहात डाव्या कोपऱ्यात एक छोटं टेबल होतं आणि त्या टेबलामागे गेली एकवीस वर्षं एकच बाई बसत आली होती. सगळे तिला लेखनिकबाई म्हणत. सभेत जो जे बोलेल ते लघुलिपीत टिपायचं आणि दुसऱ्या दिवशी टंकून इतिवृत्ताच्या वहीत लावायचं, हे तिचं काम. कुणाचं खोकणं-अडखळणं गाळलं तरी चालेल, पण शब्द बदलायचा नाही. एकदा एका सभासदाने भर सभेत दुसऱ्याला गाढव म्हटलं आणि सकाळी तो शब्द काढून टाका म्हणून गळ घालायला आला. बाईंनी त्याला चहा पाजला, चार गोड शब्द बोलल्या आणि गाढव जागच्या जागी ठेवलं.

रस्ते, शाळा, कर, दारूची दुकानं, अशा किती विषयांवरची किती मतं तिच्या पेन्सिलीखालून गेली याला गणती नव्हती. तिचं स्वतःचं मत मात्र कुणी विचारलं नव्हतं आणि त्याचं तिला कधी वाईटही वाटलं नव्हतं. हात चालू लागला की डोकं बाजूला काढून ठेवायचं, जसं कुणी जेवताना चष्मा काढून ठेवतं.

घरी नवरा होता आणि सासूबाई होत्या. नवरा नळजोडणीचं काम करी. शहरातला कुठला नळ कुठल्या नळीला आणि ती नळी कुठल्या मोठ्या वाहिनीला जोडलेली आहे, हे तो झोपेतही सांगू शकला असता. स्वभावाने सरळ. बोलायची आवड दांडगी. रात्रीच्या जेवणाला तो जगाचा न्यायनिवाडा करी आणि ती वाढता वाढता "हं" म्हणे. त्या "हं"चा अर्थ त्याने पहिल्या वर्षीच "बरोबर आहे" असा लावून घेतला होता, आणि तो चुकीचा आहे असं सांगण्याइतकं मोठं कारण तिलाही कधी मिळालं नव्हतं.

ते कारण त्या वर्षी मिळालं. शहराबाहेरची सूतगिरणी बंद पडून नऊ वर्षं झाली होती आणि कामगारांच्या खोल्या ओस पडल्या होत्या. सीमेपलीकडून आलेली दोनशे कुटुंबं तिथे वसवावीत का, यावर नागरिकांचं म्हणणं ऐकून ठराव करावा, असं वरून पत्र आलं. झालं, शहराला दुसरा विषय उरला नाही. न्हाव्याच्या खुर्चीत बसलेला माणूसही अर्धी दाढी झालेल्या तोंडाने मत देऊ लागला. भावाभावांत अबोला आला. जो तो आपलंच घोडं पुढे दामटत होता.

सुनावणीच्या दिवशी पंचेचाळीस जण बोलले. एकविसावा तिचा नवरा. तो बोलणार आहे हे तिला ठाऊक होतं. इस्त्रीचा सदरा तिनेच काढून दिला होता.

तो चांगलं बोलला, हे ती कबूल करील. गिरणीकडे जाणारी वाहिनी चार इंची आहे, वरच्या आळीला आत्ताही तासभरच पाणी येतं, दोनशे घरं जोडली तर खालच्यांचंही तोंड कोरडं पडेल, हे त्याने नेमकं मांडलं. मग तो पाण्यावरून माणसांवर आला. परक्यांची रीत वेगळी, भाषा वेगळी. एकदा आले की जायचे नाहीत. आपलं शहर आपल्याला ओळखू येणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांनी माणूस चढतो तसा तो चढला आणि शेवटी म्हणाला, "हे माझ्या एकट्याचं म्हणणं नाही. माझ्या घरातही हेच मत आहे. माझी बायको इथे बसली आहे, ती तर माझ्याहून कडक आहे."

सभागृहाने तिच्या कोपऱ्याकडे पाहिलं. काहीजण हसले. तिची मान खालीच होती, कारण ती ते वाक्य लिहीत होती.

दुसऱ्या दिवशी टंकताना ती तिथे येऊन थांबली. गाळलं असतं तर कुणाच्या लक्षात आलं नसतं, खुद्द नवऱ्याच्याही नाही. पण एकाला गाढव काढू दिलं नाही आणि स्वतःसाठी वाक्य काढायचं, हे तिला जमेना. तिने ते अक्षरशः जसंच्या तसं टंकलं. आपल्या हाताने आपल्याविषयी खोटं लिहिलं, आणि तेही बिनचूक.

मग तिला नियम आठवला. इतिवृत्तात ज्याचा उल्लेख आला आहे त्याला सात दिवसांत लेखी दुरुस्ती देता येते. कितीतरी लोकांना तिनेच तो नियम समजावून सांगितला होता. तिने कोरा कागद घेतला, "माझे मत" असं वर लिहिलं आणि पेन्सिल अडली.

तिला तिचं मत माहीत नव्हतं. नवऱ्याचं माहीत होतं, अध्यक्षांचं, न्हाव्याचं माहीत होतं. आपलं म्हणून काय, हे शोधायला तिला चार दिवस लागले. भाजी चिरताना एक वाक्य सुचे, कपडे वाळत घालताना ते खोटं वाटे. एका दुपारी ती काम संपवून गिरणीकडे चालत गेली. खोल्यांच्या दारांना कुलपं होती, कौलं मात्र धड होती. परतताना शाळा लागली. तिसरीच्या वर्गात अकरा मुलं बसली होती आणि मागची रिकामी बाकं भिंतीला लावून ठेवली होती. तिथे उभं असताना तिला कळलं की आपल्याला काय वाटतं.

पाचव्या दिवशी जेवणं झाल्यावर तिने कागद नवऱ्यासमोर ठेवला.

"हे उद्या सचिवांकडे देणार आहे. आधी तुम्ही वाचा."

त्याने चष्मा लावला. सासूबाई खाटेवर बसून बघत होत्या. कागदावर लिहिलं होतं की इतिवृत्तातलं माझ्या मताविषयीचं वाक्य बरोबर नाही. पाण्याविषयी माझ्या पतींनी जे सांगितलं ते खरं आहे आणि आधी वाहिनी बदलावी. पण माणसांविषयी जे सांगितलं ते मला मान्य नाही. त्यांना येऊ द्यावं. मात्र सगळ्यांना एकाच जागी कोंडू नये, शहरात इतरत्रही रिकामी घरं आहेत. याने सगळं सुरळीत होईलच अशी माझी खात्री नाही.

त्याने दोनदा वाचलं. कान लाल झाले, पण आवाज चढला नाही.

"लोकांपुढे माझं नाक कापणार तू."

"तुम्हीही लोकांपुढेच बोललात."

"अगं, पण तू इतकी वर्षं हं म्हणत होतीस."

"हं म्हणजे ऐकतेय, एवढंच होतं. तुम्ही कधी पुढे विचारलं नाही आणि मी मूग गिळून बसले. तुमच्याइतकीच माझीही चूक आहे ती."

त्याने कागद तिच्याकडे परत सरकवला. मग म्हणाला की मत द्यायला त्याची ना नाही, पण ती चुकते आहे. ही माणसं तिला माहीत नाहीत. ती म्हणाली, तुम्हाला तरी कुठे माहीत आहेत?

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. सासूबाईंना ऐकू कमी येई, पण नेमकं जे ऐकू येऊ नये ते बरोबर ऐकू येई.

"घरात हेच मत आहे म्हणून सांगून आलास, मग मला कोण विचारणार? मी काय उंबऱ्याबाहेर राहते?"

मुलाने कपाळाला हात लावला. सूनबाईने मात्र दुसरा कागद घेतला आणि म्हणाली, सांगा आई, लिहून घेते.

सासूबाईंनी सांगितलं. त्यांचं मत मुलाहून चार पावलं पुढे होतं. एकही कुटुंब येऊ देऊ नये. ओळखीच्या माणसांचं बोलणं ऐकू येत नाही, ओठ बघून अंदाज करावा लागतो. परकी भाषा बोलणाऱ्यांचे ओठ कसे वाचायचे? म्हातारपणी आपल्याच गल्लीत मुकं व्हायचं नाही. सुनेला त्यातलं अर्धं पटलं नाही आणि शेवटचं वाक्य लिहिताना तिचा हात जरा थांबला, पण तिने ते गाळलं नाही. वाचून दाखवलं. सासूबाईंनी "जोराने वाच" म्हणून पुन्हा वाचायला लावलं आणि मग सही केली.

पुढच्या सभेत अध्यक्षांनी दोन्ही कागद वाचले. दुसरा, सासूबाईंचा, नागरिकांचं निवेदन म्हणून घेतला गेला. एका घरातून तीन मतं आली म्हटल्यावर हशा पिकला. लेखनिकबाई टेबलामागे बसून आपलंच म्हणणं पुन्हा टिपत होती. अध्यक्षांनी विचारलं, बाई, काही सांगायचं आहे का? तिने पेन्सिल खाली ठेवली आणि उभी राहिली. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

"सासूबाईंच्या कागदाला हसू नका," ती म्हणाली. "माझं मत त्यांच्या उलट आहे. पण त्यांना भीती वाटते ती खरी आहे, आणि ठराव करताना तीही मोजा."

एवढंच बोलून ती बसली आणि ते दोन ओळींत टिपूनही घेतलं. हशा थांबला होता. मागच्या रांगेतल्या तिच्या नवऱ्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

ठराव सात विरुद्ध पाच मतांनी झाला. आधी वाहिनी बदलायची, मग ऐंशी कुटुंबं घ्यायची, निम्मी गिरणीत आणि निम्मी शहरातल्या रिकाम्या घरांत. बाकीच्यांचं वर्षाने ठरवायचं. कुणाचंच पूर्ण समाधान झालं नाही. वाहिनीच्या कामावर देखरेख करायला तिच्या नवऱ्यालाच बोलावलं गेलं, कारण त्याच्याइतकं त्या नळ्यांचं ज्ञान दुसऱ्या कुणाला नव्हतं.

घरी जाताना नवरा दोन गल्ल्या तिच्या पुढे पुढे चालला. मग म्हणाला, "पाण्याचं बरोबर लिहिलंस."

"ते तुमचंच होतं."

"बाकीचं मला पटलेलं नाही. मी विरोधातच आहे."

"ठाऊक आहे."

"आणि आई माझ्याहून कडक निघाली." तो हसला, जरा नाइलाजाने. "सभेत तेच सांगायला हवं होतं, म्हणजे खोटं तरी पडलं नसतं."

पाच महिन्यांनी पहिली कुटुंबं आली. लेखनिकबाईंच्याच गल्लीत, कोपऱ्यावरच्या घरात, एक विणकर, त्याची बायको आणि तिची म्हातारी आई राहायला आली. नळवाल्याने त्यांचा नळ जोडून दिला, काम चोख केलं, आणि घरी येऊन सांगितलं की माणूस कामाचा आहे पण बोलतो ते एक अक्षर कळत नाही, मी म्हणत होतो तेच. बायको या वेळी "हं" म्हणाली नाही. ती म्हणाली की महिना तरी जाऊ द्या. त्यावर त्याने मुद्दा मांडला, तिने दुसरा मांडला आणि बोलता बोलता भात गार झाला. सासूबाई खाटेवरून विचारत होत्या की कोण काय म्हणालं, आणि दोघांनाही आपापलं म्हणणं त्यांना दोनदा, मोठ्याने सांगावं लागत होतं.